आरशाआधीचे हसू : क्लाइस्ट आणि परिपूर्णतेचा अट्टाहास

हाइन्‍रिख फोन क्लाइस्ट (१७७७–१८११) या जर्मन नाटककाराच्या चरित्रातील ऑक्टोबर १८०३ची एक घटना त्याच्या अभ्यासकांना सतत खिळवून ठेवीत आली आहे. ‘रोबेर्ट गिस्कार्ड’ या शोकात्मिकेच्या लेखनात त्याने दीर्घ काळ घालविला होता. पॅरिसमध्ये असताना, जेवढे लिहून झाले होते तेवढे त्याने पुन्हा एकवार वाचले, नाकारले आणि जाळून टाकले. त्यानंतर तो फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याकडे निघाला. इंग्लंडवर स्वारी करण्याच्या तयारीत असलेल्या नेपोलियनच्या सैन्यात शिरावे आणि लढाईत मरण पत्करावे, असा त्याचा मनसुबा होता. २६ ऑक्टोबरला सावत्र बहीण उल्‍रिके हिला लिहिलेल्या पत्रात हे सारे त्याने स्वतःच कळविले आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, २१ नोव्हेंबर १८११ रोजी, बर्लिनजवळच्या वान्झे सरोवराकाठी हेन्‍रिएट्टे फोगेल या दुर्धर आजाराने ग्रासलेल्या स्त्रीसह त्याने आपले आयुष्य संपविले. तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता.

या दोन घटनांना जोडणारी एक सरळ रेषा ओढण्याचा मोह होतो. ज्याला हवी तशी परिपूर्ण कृती साधली नाही त्याने आधी कृती नष्ट केली आणि पुढे स्वतःला, अशी ती रेषा आहे. समीक्षेला ही कथा आवडते, कारण तीत कलावंताच्या असमाधानाला एक भव्य शेवट मिळतो. आपल्याकडेही ‘असमाधानी’ हे विशेषण कलावंताच्या गौरवासाठीच वापरले जाते. खर्डे फाडणारा, हस्तलिखित परत मागवून घेणारा, वर्षानुवर्षे काहीच न छापणारा लेखक आपल्याला आपोआप थोर वाटू लागतो. प्रस्तुत लेखात ही सरळ रेषा तपासून पाहावयाची आहे. (मला जर्मन येत नाही. क्लाइस्टचे साहित्य आणि पत्रे मी इंग्रजी अनुवादांतून वाचली आहेत, ही मर्यादा आरंभीच नोंदवितो.)

प्रथम शब्दाविषयी. आपल्या नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून ‘पूर्णतावाद’ ही संज्ञा जुनी आहे. माणसाच्या ठायी असलेल्या श्रेष्ठ शक्तींचा विकास हेच जीवनाचे श्रेय, असे मानणारी ती उपपत्ती. वेदान्ताच्या परंपरेत ‘पूर्ण’ हा शब्द मिळवावयाच्या वस्तूचा नव्हे, तर मुळातच असलेल्या स्थितीचा वाचक आहे. मानसशास्त्राने विसाव्या शतकात ज्या वृत्तीचा अभ्यास केला ती या दोहोंहून वेगळी असल्यामुळे तिला येथे ‘परिपूर्णतेचा अट्टाहास’ म्हटले आहे. तिच्यात ध्येय उंच असते, पण तेवढेच नसते. ध्येय गाठले नाही तर करणाराच निकामी ठरतो, असा एक निवाडा त्या ध्येयाला जोडलेला असतो.

या संकल्पनेचा इतिहास फार जुना नाही. कॅरेन हॉर्नी यांनी १९५०मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूरॉसिस अँड ह्यूमन ग्रोथ’ या ग्रंथात मनातल्या ‘असायला हवे’च्या जुलुमाचे वर्णन केले. माणूस स्वतःची एक आदर्श प्रतिमा रचतो आणि प्रत्यक्षातल्या स्वतःचा त्या प्रतिमेच्या वतीने तिरस्कार करू लागतो, हे त्यांच्या विवेचनाचे मर्म. १९७८मध्ये डॉन हॅमचेक यांनी स्वाभाविक आणि विकृत असे या वृत्तीचे दोन प्रकार कल्पिले. पहिल्या प्रकारच्या माणसाला श्रमांतून समाधान मिळते, दुसऱ्याला ते कधीच मिळत नाही. १९८०मध्ये डेव्हिड बर्न्स यांनी अशा माणसाच्या ‘सर्व किंवा काहीच नाही’ या विचारपद्धतीवर बोट ठेवले. पुढे १९९१मध्ये पॉल ह्यूइट आणि गॉर्डन फ्लेट यांनी एक महत्त्वाचा भेद केला. परिपूर्णतेची मागणी माणूस स्वतःकडे करतो, इतरांकडे करतो, किंवा इतर लोक ती आपल्याकडे करीत आहेत असे मानून जगतो. या तिसऱ्या प्रकारात न्यायासन माणसाच्या बाहेर असते. निकष त्याने ठरविलेला नसतो आणि तो पुरा झाला हे सांगण्याचा अधिकारही त्याच्याकडे नसतो.

सिडनी ब्लाट यांनी १९९५मध्ये लिहिलेल्या निबंधाने या अभ्यासाला गंभीर वळण दिले. नाव, मान, पद सारे काही मिळविलेल्या तिघांच्या आत्महत्यांपासून त्यांनी आरंभ केला. त्यांतला एक व्हाइट हाउसमधील उपविधिसल्लागार व्हिन्सेंट फॉस्टर. मे १९९३मध्ये विधिशाखेच्या पदवीधरांसमोर बोलताना त्याने नावलौकिकाला एकदा बसलेला डाग भरून निघत नाही, अशा आशयाचा इशारा दिला होता. दोनच महिन्यांनी त्याने जीवन संपविले. नैराश्यावरील उपचारांच्या एका मोठ्या अमेरिकी प्रकल्पातील सामग्री ब्लाट यांनी पुन्हा तपासली तेव्हा, ज्यांच्यात हा अट्टाहास तीव्र होता त्या रुग्णांना अल्पमुदतीच्या उपचारांचा लाभ कमी झाल्याचे दिसून आले. २०१८मध्ये मार्टिन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी ४५ अध्ययनांचा, म्हणजे ११,७४७ व्यक्तींच्या माहितीचा, एकत्रित आढावा घेतला. चुकांविषयीची धास्ती, इतरांच्या निवाड्याचे भय, आईवडिलांची टीका आणि अपेक्षा यांचा आत्महत्येच्या विचारांशी सौम्य ते मध्यम संबंध त्यांत आढळला. समाजाने लादलेली परिपूर्णतेची अपेक्षा तर काळाच्या ओघात असे विचार वाढणार असल्याचे सूचित करणारी ठरली.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्यावयास हव्यात. हा संबंध संख्याशास्त्रीय आहे, कोणा एका माणसाच्या मृत्यूचे कारण तो सांगत नाही. आणि दुसरी, हॅमचेक यांचा सोयीस्कर भेद या आढाव्यात पुरता टिकत नाही, कारण स्वतःकडून केलेल्या कठोर अपेक्षेचाही अशा विचारांशी काहीएक संबंध आढळला आहे. उंच ध्येय निरुपद्रवी आणि भय तेवढे घातक, असे म्हणून आपल्याला सुटता येत नाही.

आता क्लाइस्टकडे वळू. प्रशियाच्या सैन्याला पिढ्यान्‌पिढ्या अधिकारी पुरविणाऱ्या सरदार घराण्यात तो जन्मला. वडील १७८८मध्ये वारले, आई १७९३मध्ये. कोवळ्या वयातच सैन्यात गेलेल्या या तरुणाने १७९९मध्ये ती नोकरी सोडली, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात उल्‍रिकेला एक लांबलचक पत्र लिहून ‘जीवनाची योजना’ आखण्याचे महत्त्व पटवून दिले. ज्याच्यापाशी अशी योजना नाही तो दैवाच्या तारेवर लोंबणारी बाहुली होय. ती अवस्था इतकी तिरस्करणीय, की तिच्यापेक्षा मरण पुष्कळ बरे, असे एकवीस वर्षांचा क्लाइस्ट तेथे म्हणतो. म्हणजे एकही ओळ छापून येण्यापूर्वी, कलेतल्या अपयशाचा प्रश्नही उद्भवला नसताना, ‘योजनेबरहुकूम जगणे नाही तर मरण’ हे समीकरण त्याच्या मनात तयार होते. जाळलेल्या नाटकापासून सुरू होणारी रेषा येथेच तुटते. आणि ती बाहुली लक्षात ठेवावयास हवी, कारण पुढे ती परत येणार आहे.

‘गिस्कार्ड’च्या काळातली पत्रे या दृष्टीने वाचण्यासारखी आहेत. १८०३च्या आरंभी तो वृद्ध कवी व्हीलांट याच्या घरी राहिला असता त्याने नाटकातले काही प्रवेश तोंडपाठ म्हणून दाखविले. व्हीलांट थक्क झाला. एस्किलस, सोफोक्लीझ आणि शेक्सपिअर यांच्या आत्म्यांनी मिळून एक शोकात्मिका रचली तर ती अशी होईल, असे त्याने पुढे एका पत्रात लिहिले. क्लाइस्टलाही त्याने कळविले, की काॅकेशस आणि ॲटलास पर्वत अंगावर कोसळले तरी हे नाटक तुला पुरे केलेच पाहिजे. साहित्येतिहासकार हे पत्र गुणग्राहकतेचा नमुना म्हणून सांगतात आणि तसे ते आहेही. पण ज्याच्या हाती अर्धवट हस्तलिखित आहे त्या पंचविशीतल्या लेखकाच्या बाजूने ते वाचून पाहावे. या स्तुतीने त्याच्यासमोर तीन महाकाय पूर्वसूरी उभे केले आणि माघारीची वाटही बंद केली. निंदा जशी परीक्षकाच्या आसनावरून येते तशी स्तुतीही तेथूनच येते, हे आपण विसरतो.

५ ऑक्टोबर १८०३चे जिनीव्हाहून लिहिलेले पत्र हे त्या काळाचे सर्वांत बोलके साधन होय. ओळीने पाचशे दिवस, आणि त्यांतल्या बहुतेक रात्रीही, आपण आपल्या कुळाच्या अनेक विजयमालांत आणखी एक माला ओवण्यासाठी खर्ची घातल्या, असा हिशेब तो बहिणीला देतो. हा हिशेब कलेचा नाही, कुळाच्या इभ्रतीचा आहे. त्याच पत्रात तो म्हणतो, की आपली अर्धी प्रतिभा नरकाने दिलेली आहे, कारण स्वर्ग देतो तेव्हा एक तर पुरी देतो नाही तर मुळीच देत नाही. बर्न्स यांना पावणेदोनशे वर्षांनंतर जे सूत्र मांडावयाचे होते ते येथे जसेच्या तसे सापडते. अजून जन्मालाही न आलेल्या कोणा श्रेष्ठ कवीपुढे आपण एक सहस्रक आधीच मान लववून बाजूला होत आहोत, हे त्यातले आणखी एक विधान. नम्रतेचा हा आविष्कार विलक्षण आहे. प्रत्यक्ष प्रतिस्पर्धी पुरेसा उंच वाटेना, म्हणून त्याने भविष्यातला एक निर्माण केला आणि त्याच्याकडून हार पत्करली.

आणि ‘गिस्कार्ड’चा विषय तरी काय होता? नॉर्मन सेनापती गिस्कार्ड कॉन्स्टँटिनोपलला वेढा देऊन बसला आहे, छावणीत प्लेग पसरला आहे, आणि त्याला स्वतःलाही त्याची बाधा झाल्याची कुणकुण लोकांना लागली आहे. आपण धडधाकट आहोत हे दाखविण्यासाठी तो लोकांसमोर येतो. पुढे पुन्हा लिहून १८०८मध्ये प्रसिद्ध केलेल्या दहा प्रवेशांच्या खंडात एक लहानशी रंगसूचना आहे. गिस्कार्ड बोलता बोलता ढळतो, तेव्हा त्याची मुलगी सैन्यातला एक मोठा नगारा हळूच त्याच्यामागे सरकविते आणि तो त्यावर टेकतो. उभे राहण्याचे सोंग पुरे व्हावे म्हणून दिलेली ही गुपचूप बैठक आहे. आपले वैगुण्य झाकण्याची धडपड हा या अट्टाहासाचा एक प्रमुख घटक असल्याचे अलीकडचे संशोधन मानते, आणि मदत मागण्याच्या आड येते ती हीच गोष्ट. क्लाइस्ट ज्या नाटकापायी कोसळला त्या नाटकात त्याने हीच अवस्था रंगविली होती. या योगायोगाचा अर्थ फार ताणू नये, परंतु तो दृष्टीआड करणेही बरे नाही.

सरळ रेषेच्या कथेला सर्वांत मोठा अडथळा ठरतात ती १८०३नंतरची वर्षे. हस्तलिखित जाळून मरणाच्या वाटेला लागलेला हा माणूस परत आला, माइन्त्समध्ये एका वैद्याच्या देखरेखीखाली काही काळ राहिला, मग सरकारी नोकरीत शिरला, आणि त्याच्या हातून ‘फुटलेली सुरई’ ही सुखात्मिका, ‘पेन्थेझिलेआ’, ‘मिखाएल कोलहास’, ‘हाइलब्रोनची केटखेन’ अशा कृती पुऱ्या झाल्या. जे काही चिरस्थायी त्याने दिले ते बहुतांशी जळालेल्या महत्त्वाकांक्षेच्या राखेवर उभे आहे. या काळातच त्याने बोलता बोलता विचार कसा घडत जातो याविषयी एक निबंध लिहिला. विचार आधी पुरा करून मग बोलू नये, अडखळत बोलू लागावे म्हणजे तो पुरा होतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. १८०६च्या ऑगस्टअखेरीस मित्र र्‍यूले याला लिहिलेल्या पत्रात, आपोआप झालेली पहिली हालचाल सुंदर असते आणि ती स्वतःला जाणू लागली की वाकडी होते, असे तो म्हणतो. अट्टाहासावरचा उतारा त्याला ठाऊक होता, एवढेच नव्हे तर काही वर्षे तो त्याला लागूही पडला.

या विचाराची परिणती म्हणजे १२ ते १५ डिसेंबर १८१० या दिवसांत, तो स्वतः चालवीत असलेल्या ‘बर्लिनर आबेंडब्लेटर’ या दैनिकात आलेला कठपुतळ्यांच्या रंगभूमीवरील निबंध. १७९९मधील ती तिरस्करणीय बाहुली येथे परत येते. मात्र आता एक नर्तक तिची थोरवी सांगतो. बाहुलीला स्वतःची जाणीव नसते, म्हणून तिच्या हालचालीत जो डौल आहे तो माणसाला कधीच साधणार नाही, असे त्याचे म्हणणे. पॉल द मानपासून अनेकांनी या निबंधाचे बारकाईने वाचन केले आहे. द मानने १९८४च्या आपल्या ग्रंथात त्यातल्या गुरुशिष्य-संबंधाचीही दखल घेतली, पण त्याला खरा रस होता तो भाषेच्या यांत्रिक व्यापारात. सर्वसाधारणपणे या निबंधाचा गाभा म्हणून आरशाची कथा सांगितली जाते. पायातला काटा काढणाऱ्या मुलाच्या प्रसिद्ध शिल्पाशी आपले साम्य एका सोळा वर्षांच्या तरुणाला आरशात दिसते. तीच हालचाल पुन्हा करू जाता ती त्याला साधत नाही. पुढे तो दिवसदिवस आरशासमोर उभा राहतो आणि वर्षभरात त्याचे सारे लावण्य ओसरते. आत्मभान आले, सहजता गेली, असा त्याचा अर्थ लावला जातो.

मूळ प्रसंग मात्र पुन्हा वाचावा. तरुण आपल्या सोबत्याला, म्हणजेच निवेदकाला, ते साम्य सांगतो. निवेदकालाही त्याच क्षणी ते दिसलेले असते. पण त्याचा डौल अस्सल आहे का हे पाहावे, आणि जमल्यास त्याचा गर्व थोडा उतरवावा, या हेतूने तो हसतो आणि तुला भास होत असावेत, असे म्हणतो. मुलगा लाजून पाय पुन्हा उचलतो, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा, दहाव्यांदा उचलतो. आरशाने त्याचे काहीच बिघडविले नव्हते. पहिल्या वेळी आरशात पाहूनही तो डौलदारच होता. ऱ्हास सुरू झाला तो दुसऱ्याने जाणूनबुजून नाकारल्यानंतर. परिपूर्णतेचा अट्टाहास हा आरशासमोरचा एकांतातला रोग आहे, हे आपले गृहीत क्लाइस्टच्या निबंधातूनच खोटे ठरते. ह्यूइट आणि फ्लेट यांनी ज्याला तिसरा प्रकार म्हटले त्याची ही जन्मकथा आहे, आणि ती सांगणारा माणूस स्वतःच तो हसणारा आहे.

अध्यापकाच्या पेशात हा परिच्छेद स्वस्थपणे वाचता येत नाही. माझ्या मार्गदर्शनाखाली काम करणारी एक विद्यार्थिनी प्रबंधाचे पहिलेच प्रकरण चार वर्षे लिहीत होती. अकरावा की बारावा खर्डा घेऊन ती आली तेव्हा मी तो चाळला आणि चारचौघांत हसून म्हणालो, की पहिला खर्डा यापेक्षा बरा होता. वाक्य खरे होते. पहिला खर्डा आला तेव्हा मात्र तो चांगला आहे हे मी तिला सांगितले नव्हते. विद्यार्थ्याला फार लवकर शाबासकी देऊ नये, अशी आमच्या पिढीची समजूत. त्यानंतर ती विभागात आली नाही. तिची नोंदणी रद्द झाली.

१८११चे वर्ष या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. राणी लुईझे जुलै १८१०मध्ये वारली आणि दरबारातला आधार गेला. बर्लिनच्या नाट्यगृहाने ‘केटखेन’ नाकारले होते. सरकारची इतराजी आणि आर्थिक ओढाताण यांत दैनिक मार्चअखेर बंद पडले. कर्ज होते, एकटेपणा होता, आणि हेन्‍रिएट्टेच्या आजाराची स्वतंत्र कहाणी होती. कोणतेही एक कारण पुढे करणे म्हणजे या सर्वांवर पडदा टाकणे होय. तरीही १० नोव्हेंबरच्या पत्रातला एक प्रसंग वेगळा काढून पाहावासा वाटतो. त्या शरदात तो फ्रांकफुर्टला (ओडरकाठच्या, जन्मगावच्या) घरी गेला होता. दुपारच्या जेवणाला दोन बहिणींच्या मध्ये बसला असता, आपण मानवी समाजाचा एक अगदी कुचकामी घटक आहोत, कसलीही आस्था दाखविण्याच्या लायकीचे राहिलो नाही, अशा नजरेने आपल्याकडे पाहिले गेले, असे तो लिहितो. तो अनुभव पुन्हा घेण्यापेक्षा दहा वेळा मरण सोसेन, असेही म्हणतो. आपल्या कृतींनी या बहिणींना एक दिवस आनंद आणि मान मिळवून द्यावा ही त्याची जुनी इच्छा होती. पाचशे दिवसांचा हिशेब ज्यांना दिला होता त्यांनीच वही मिटली होती. बहिणींच्या मनात खरोखर काय होते हे येथे गौण आहे. मृत्यूच्या दिवशी उल्‍रिकेला लिहिलेल्या पत्रात त्याचा सूर सलोख्याचाच आहे. त्याने काय ऐकले, एवढे मात्र आपल्याला कळते.

त्यानंतरचा इतिहास निवाड्यांचा आहे. मादाम द स्टाल हिने १८१३मधील आत्महत्येवरील निबंधात या दुहेरी मृत्यूची कठोर निर्भर्त्सना केली. गटेने पुढे, निसर्गाने सुंदर घडवू पाहिलेल्या पण असाध्य रोगाने ग्रासलेल्या देहाची उपमा देऊन त्याच्याविषयी वाटणारी शिसारी नोंदविली. स्टेफान त्स्वाइगने १९२५मध्ये उलट टोक गाठले आणि त्या मृत्यूला भव्यतेचे वलय दिले. निंदा आणि गौरव या दोहोंतही माणूस हरवतो. क्रिस्टा वोल्फ हिने १९७९च्या आपल्या कादंबरिकेत क्लाइस्टची आणि कवयित्री ग्युंडेरोड हिची एक काल्पनिक भेट रंगविली. त्या दोघांना जागाच न देणाऱ्या समाजाकडे प्रश्नाचा रोख वळविणारे ते पहिल्या प्रतीचे वाचन आहे.

‘प्रिन्स फ्रीड्रिख फोन होम्बुर्ग’ हे त्याचे अखेरचे नाटक. त्याची प्रत १८११च्या सप्टेंबरात दरबारातील एका राजकन्येला अर्पण करण्यात आली; तिच्याकडून काहीच आले नाही. त्यातला विजयी सेनानी आज्ञाभंगाबद्दल मृत्युदंडाची शिक्षा झालेला आहे. आपल्यासाठी खणलेली कबर पाहून तो हादरतो आणि इलेक्टरच्या पत्नीच्या पायाशी येऊन, मान, पद, प्रेयसी सारे सोडून देतो पण मला जगू द्या, अशी याचना करतो. प्रशियाच्या अधिकाऱ्याला हे शोभत नाही, असा आक्षेप घेतला गेला आणि पुढे अनेक प्रयोगांत हा प्रवेश छाटण्यात आला. नाटक छापले गेले ते १८२१मध्ये, लुडविख टीकने संपादिलेल्या मरणोत्तर संग्रहात.